पहिला पगार आणि त्यानंतरचं सगळं: पैशांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेच तेच प्रश्न सारखे येतात म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. विचारणारे बहुतेक नुकतेच नोकरीला लागलेले, पहिली नाहीतर दुसरी नोकरी, आणि जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न "कुठे गुंतवू" हाच. तो मुद्दाम खाली ढकललाय, कारण त्याच्या आधीचं जमलं नसेल तर त्याच्या उत्तराचा काही उपयोग नाही. टॅक्सचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत.

१. ऑफर लेटरवर सहा लाख होते, म्हणजे महिन्याला पन्नास हजार यायला हवेत ना? मग खात्यात एवढे कमी का?

ते सहा लाख म्हणजे सीटीसी (कॉस्ट टू कंपनी), तुम्ही कंपनीला वर्षाला कितीला पडता तो आकडा, तुमच्या हातात येणारा नाही. त्यात कंपनीने भरायचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी असते (ठरावीक वर्षं काम केलं की नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकच्या साधारण ४.८१ टक्के), कधी ग्रुप इन्शुरन्सचा प्रीमियम, आणि व्हेरिएबल पे असेल तर तो मिळणार की नाही हे वर्ष संपल्यावर कळतं. हे सगळं बाजूला काढून जो ग्रॉस उरतो त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ, प्रोफेशनल टॅक्स आणि लागू असेल तर टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा इन्कम टॅक्स) जातो. महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. मार्च उजाडला की "या वेळी माझे शंभर रुपये जास्त का कापले" असा मेसेज येतोच येतो, तर ते हे. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे.

पुढच्या वेळी ऑफर घेताना एचआरला सरळ विचारा, व्हेरिएबल सोडून दर महिन्याला हातात किती येणार. यात लाजण्यासारखं काही नाही. आणि घरभाडं असो, गाडीचा हप्ता असो, जे ठरवायचं ते या आकड्यावर, ऑफर लेटरवरच्या नाही.

२. पगार येतो आणि वीस तारखेला संपतो. बजेट लिहायला घेतलं होतं, आठ दिवसांत सुटलं. काय करू?

सुटणारच. प्रत्येक चहाची नोंद करणारी माणसं असतात पण थोडी असतात, आणि तुम्ही त्यातले नसाल तर स्वतःला दोष देत बसू नका. त्यापेक्षा दोन खाती ठेवा. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडायचंच नाही, यूपीआय फक्त दुसऱ्या, खर्चाच्या खात्याला.

समजा हातात ३२,००० येतात. भाडं ९,०००, घरी ५,०००, बिलं आणि पास ४,०००, बचत ४,०००, हे सगळं पगार झाल्याच्या दोन दिवसांत आपोआप निघून जाईल असं लावून द्या. उरले १०,०००. ते एकदम खर्चाच्या खात्यात टाकायचे नाहीत, दर सोमवारी २,३०० टाकायचे. चार आठवड्यांचे ९,२०० होतात, वरचे ८०० महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांसाठी. शुक्रवारी खात्यात १८० रुपये दिसले की बाहेर जेवायला जायचं का नाही हे वेगळं ठरवावं लागत नाही. नोंदवही नाही, अ‍ॅप नाही, काही नाही.

५०-३०-२० चा नियम सगळीकडे सांगतात, गरजांना ५०, हौसेला ३०, बचतीला २०. ऐकायला बरा आहे, पण भाड्यातच पगाराचा मोठा लचका जाणाऱ्याला तो लागू होत नाही आणि उगाच अपराधी वाटतं. सुरुवात १० टक्क्यांनी करा, पगार वाढला की वाढीतला निम्मा भाग बचतीकडे वळवा.

एक काम मात्र आजच करा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचा भाग असतो तो उघडा. कधीतरी ट्रायल म्हणून घेतलेलं आणि विसरलेलं काहीतरी तिथे नक्की सापडेल, ते तिथूनच बंद करता येतं.

३. घरी पैसे द्यावे लागतात, किती हे ठरलेलं नाही, लागतील तसे मागतात. नाही म्हणता येत नाही. काय करायचं?

नाही म्हणायचंच नाहीये. रक्कम आणि तारीख ठरवायची. "दर महिन्याच्या दोन तारखेला पाच हजार येतील" असं सांगितलं की आईबाबांनाही त्यांचं गणित बसवता येतं. "लागतील तसे" यात दोन्हीकडे टेन्शन असतं. घरावर कर्ज असेल आणि तुमच्याकडून हप्त्याची अपेक्षा असेल तर एकदा शांतपणे बसून कागद बघायला मागा, किती बाकी, व्याज किती, कधी संपणार. बऱ्याच घरांत हे मुलांना सांगितलेलंच नसतं, आणि ते विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही.

४. इमर्जन्सी फंड किती असावा आणि कुठे ठेवू?

तीन ते सहा महिन्यांचा खर्च. पगार नाही, खर्च. महिन्याला २२,००० लागत असतील तर सुरुवातीचं टार्गेट ६६,०००. नोकरी कॉन्ट्रॅक्टवर असेल किंवा घर तुमच्या एकट्यावर चालत असेल तर सहा महिन्यांकडे झुका. तोही आकडा लांबचा वाटत असेल तर आधी एका महिन्याचा जमवा, तेवढ्यानेही मित्राकडे हात पसरायची वेळ टळते.

बँकेत स्वीप-इन एफडी (बचत खात्याला जोडलेली, पैसे लागले की आपोआप मोडणारी) किंवा साधी एफडी जी मोडता येते, एवढं पुरे. हे पैसे वाढायला ठेवलेले नाहीत, रात्री अकरा वाजता हॉस्पिटलच्या काउंटरवर हाताशी यावेत म्हणून ठेवलेत. म्हणून शेअरमध्ये नको आणि लॉक-इन असलेल्या कशातही नको.

५. बँकच बुडाली तर? आणि पतसंस्था जास्त व्याज देते, तिथे ठेवू का?

बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा) विमा असतो, एका माणसाला एका बँकेत व्याज धरून ५ लाखांपर्यंत. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा फक्त १ लाख होती. एकाच बँकेच्या तीन शाखांत खाती काढली म्हणून १५ लाख होत नाहीत, सगळ्यांचे मिळून पाचच. सहकारी बँकांनाही हा विमा आहे, पण पतसंस्थेला नाही. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. संचालक ओळखीचे आहेत, गावातले आहेत, हे सगळं खरं असेल पण ते विम्याच्या जागी चालत नाही. इमर्जन्सी फंड तर तिथे नकोच.

आणि विमा असला तरी पैसे लगेच मिळतात असं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. म्हणून सगळा पैसा एकाच बँकेत नको.

६. क्रेडिट कार्ड घ्यावं का? घरचे म्हणतात कर्जाचा सापळा आहे.

दर महिन्याला पूर्ण बिल भरणार असाल तर घ्या. पूर्ण म्हणजे टोटल ड्यू, मिनिमम नाही (मिनिमम म्हणजे बिलातला किमान भरावाच लागणारा छोटा भाग, त्याबद्दल खाली). ऑटो-डेबिट टोटल ड्यूवर लावा, फॉर्म भरताना मिनिममवर टिक पडते आणि लक्षात येत नाही. कार्डावरून एटीएममधून रोख काढू नका, कितीही अडलं तरी, कारण त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं आणि वर फी. पगार वीस तारखेलाच संपत असेल तर आधी प्रश्न २ सोडवा, कार्ड नंतर.

७. मिनिमम ड्यू वेळेवर भरतोय, लेट फी लागत नाही, तरी बिल कमी का होत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून नीट गणित करते. बिल ४०,०००. मिनिमम ५ टक्के, म्हणजे २,०००, ते भरले. उरले ३८,०००. कार्डांचं व्याज महिन्याला साधारण ३ ते ४ टक्के असतं, आपण ३.५ धरू. झाले १,३३०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २३९. म्हणजे १,५६९ रुपये नवीन चढले. तुम्ही भरलेल्या २,००० पैकी कर्ज खरंतर ४३१ रुपयांनी कमी झालं. आणि हे मी सौम्य करून सांगतेय, प्रत्यक्षात व्याज बिलाच्या तारखेपासून नाही तर खरेदीच्या तारखेपासून लागतं.

यापेक्षा वाईट म्हणजे, मागची बाकी असताना ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत रद्द होते. आज याच कार्डावर घेतलेल्या भाजीवरसुद्धा आजपासून व्याज. त्यामुळे पहिलं काम, ते कार्ड वापरणं थांबवा. दुसरं, एफडी असेल तर ती मोडून हे भरा, सात टक्के कमावताना चाळीस टक्के देण्यात काही अर्थ नाही. तेही नसेल तर बँकेला बाकी ईएमआयमध्ये बदलून मागा किंवा कमी व्याजाचं पर्सनल लोन घेऊन कार्ड एकरकमी मिटवा. हा मार्ग फक्त कार्ड पुन्हा भरणार नसाल तर, नाहीतर वर्षभराने लोनही असतं आणि कार्डही.

ड्यू डेट एखाद-दोन दिवसांनी हुकली तर घाबरू नका, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही आणि सिबिलकडेही (कर्जफेडीची नोंद ठेवून स्कोर देणारी कंपनी) कळवता येत नाही.

८. नो कॉस्ट ईएमआय खरंच फुकट असतो का?

नाही. बँक व्याज घेतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढं डिस्काउंट म्हणून वळतं करते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता, बऱ्याचदा प्रोसेसिंग फी पण असते, आणि रोख घेतल्यावर जे डिस्काउंट मिळालं असतं ते जातं. चेकआउटच्या पानावर दोन्ही किमती बघा, फरक दोन-तीनशेचा असेल आणि पैसे आपल्याकडेच ठेवायचे असतील तर घ्या. पण फोन एकरकमी परवडत नाही म्हणून ईएमआयवर घेत असाल तर तो परवडतच नाहीये.

९. माझा सिबिल "-१" दाखवतो. मी तर कधी कर्जच घेतलं नाही, मग खराब कसा?

खराब नाही, कोरा आहे. स्कोर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि ७५० च्या वर चांगला धरतात, पण काहीच उधारी घेतली नसेल तर मोजायला काही नसतं. एफडीच्या बदल्यात मिळणारं कार्ड घ्या (ते पहिल्यांदाच घेणाऱ्यालाही सहज मिळतं), महिन्याला दोन-तीन हजारांचा खर्च करा, पूर्ण भरा. सहा-आठ महिन्यांत आकडा दिसायला लागेल. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवला तर बरं, आणि एकाच आठवड्यात पाच ठिकाणी लोनचे अर्ज करू नका.

स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोर कमी होत नाही, ही अफवा आहे. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. दर तीन महिन्यांनी एकेकीचा मागवा. तुमच्या नावावर न घेतलेलं कर्ज दिसलं तर तिथेच डिस्प्यूट टाकता येतो.

१०. बँक म्हणतेय निम्मे भरा, उरलेले माफ. घेऊ का सेटलमेंट?

दुसरा काही मार्गच नसेल तरच. रिपोर्टवर "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि पुढचा कर्ज देणारा त्याचा अर्थ "याने पूर्ण फेडलं नाही" असाच लावतो, होम लोनच्या वेळी तो शेरा समोर येतो. पूर्ण भरलं तर "क्लोज्ड" येतं. सेटलमेंट केलंच तर आधी लेखी पत्र, मग पैसे, फोनवरच्या तोंडी शब्दावर एक रुपया भरू नका. आणि पुढे कधी पैसे आले तर माफ झालेला फरक भरून शेरा "क्लोज्ड" करून मागता येतो.

११. अ‍ॅपवरून दहा हजार घेतले, आता रोज फोन येतात, कॉन्टॅक्टमधल्या लोकांनाही मेसेज पाठवतायत. काय करू?

पहिल्यांदा हे बघा की अ‍ॅपच्या मागे कोणती बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली पण कर्ज देणारी नोंदणीकृत कंपनी) आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल लेंडिंगच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या संस्थेकडून पैसे थेट तुमच्या खात्यात यायला हवेत आणि परतफेड थेट त्या संस्थेच्या खात्यात जायला हवी, मध्ये कुणा तिसऱ्याचं खातं नाही. वर्षाचा एकूण खर्च सांगणारं एक पत्रक कर्जाआधी द्यावं लागतं. आणि अ‍ॅपला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग बघायची परवानगीच नाही. ज्या अ‍ॅपने ते घेतलेत ते नियम मोडतंय, तुम्ही पैसे थकवलेत म्हणून त्यांना तो हक्क मिळत नाही. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत करता येतात, नातेवाइकांना तर नाहीच.

स्क्रीनशॉट ठेवा, नंबर ठेवा. धमक्या, मॉर्फ केलेले फोटो वगैरे असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर पोलिसांत तक्रार. नोंदणीकृत संस्था असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. अ‍ॅपच बेकायदा असेल तर रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" पोर्टलवर. आणि घरी सांगा. माहितीये, सगळ्यात अवघड तेच आहे, पण या लोकांचा सगळा धंदा तुम्ही घरी सांगणार नाही याच भरवशावर चालतो. एक अ‍ॅप फेडायला दुसरं अ‍ॅप घेऊ नका, दहाचे नव्वद असेच होतात.

१२. एज्युकेशन लोन आधी फेडू की एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम) चालू करू?

व्याजाचा दर बघा. १० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तर आधी लोनकडे जास्त वळा, कारण ते व्याज वाचणं पक्कं आहे आणि बाजारातला फायदा पक्का नाही. ८ च्या खाली असेल तर दोन्ही बरोबर चालवता येतं. लोन फ्लोटिंग रेटचं असेल तर आधी भरण्याचा दंड लागत नाही, म्हणून बोनस आला की त्यातला तुकडा तिकडे टाका. कोर्स चालू असताना आणि त्यानंतरच्या सुट्टीच्या काळात हप्ता नसला तरी व्याज चढत असतं, बऱ्याच जणांना पहिला हप्ता आला की मग धक्का बसतो. व्याजावर ८० ई ची वजावट आहे, आठ वर्षांपर्यंत, पण फक्त जुन्या टॅक्स रेजिममध्ये (म्हणजे जुन्या करपद्धतीत).

१३. नोकरी बदलली, जुन्या कंपनीचा पीएफ काढून घेऊ का? साठ हजार आहेत, ट्रिपला होतील.

ट्रान्सफर करा. यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा नंबर) एकच राहतो, त्यात जुनं खातं जोडलं की झालं. सलग पाच वर्षांची नोकरी व्हायच्या आत काढलात तर ती रक्कम करपात्र होते, ट्रान्सफर केलं तर जुन्या नोकरीची वर्षंही या पाचात धरतात. शिवाय कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के (१५,००० पगाराच्या मर्यादेत, म्हणजे जास्तीत जास्त १,२५०) पेन्शनकडे जातात आणि त्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, मध्ये काढलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. २०२४-२५ साठी पीएफला ८.२५ टक्के व्याज मिळालं, एवढ्या सुरक्षित ठिकाणी एवढं व्याज दुसरीकडे शोधून दाखवा.

१४. ओळखीचे काका पॉलिसी घ्या म्हणून मागे लागलेत. विमाही आणि वीस वर्षांनी पैसेही परत. घेऊ?

काकांना चहा पाजा, पॉलिसी नको. विमा आणि बचत एकत्र बांधलेल्या या पॉलिसींमध्ये परतावा साधारण पाच-सहा टक्के पडतो आणि विम्याची रक्कम इतकी छोटी असते की तुमच्या मागे घर सहा महिनेही चालणार नाही. तुमच्यावर कुणी अवलंबून असेल, आईवडील, लहान भाऊ, लोनला गॅरंटर राहिलेले बाबा, तर साधा टर्म प्लॅन (नुसता विमा, शेवटी पैसे परत नाहीत) घ्या, वर्षाच्या पगाराच्या दहा-पंधरा पट. कुणीच अवलंबून नसेल तर तोही आत्ता घाईने नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक लाइफ आणि हेल्थ पॉलिसीवर जीएसटी नाही.

सही होऊन गेली असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस फ्री-लूक असतो, परत करता येते. दोन-चार वर्षं भरून झाली असतील तर सरेंडर (पॉलिसी बंद करून आता मिळतील ते पैसे) आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता कमी रकमेची पॉलिसी चालू ठेवणं) दोन्हीचे आकडे कंपनीकडून लेखी मागवा आणि मग ठरवा. "इतके भरलेत तर पूर्ण करूया" हे कारण धरू नका.

१५. कंपनीचा मेडिक्लेम आहे, मग वेगळा कशाला?

कारण तो कंपनीचा आहे. नोकरी गेली, बदलली, मध्ये दोन महिने घरी बसलात की तो संपला. स्वतःची छोटी पॉलिसी तरुण असताना स्वस्त पडते, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी जो वेटिंग पिरियड असतो (जास्तीत जास्त तीन वर्षं) तो धडधाकट असतानाच निघून जातो. फॉर्ममध्ये आजार लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो. आईवडील साठीच्या आसपास असतील तर कंपनीच्या पॉलिसीत त्यांना घेता येतं का हे जॉइन होतानाच विचारा, नंतर वर्षभर खिडकी उघडत नाही.

१६. बरं, आता तरी सांगा, कुठे गुंतवू?

कार्डाची बाकी शून्य, निदान तीन महिन्यांचा फंड, मेडिक्लेम, हे झालं असेल तर आणि तरच. पुढचं सोपं आहे, सोपं म्हणजे कंटाळवाणं. पीएफ कापला जातो म्हणजे सुरक्षित बाजू आधीच चालू आहे. त्याच्या जोडीला निफ्टी ५० सारख्या इंडेक्स फंडात (ठरलेल्या यादीतल्या मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणारा म्युच्युअल फंड) डायरेक्ट प्लॅनमधून एसआयपी. डायरेक्ट म्हणजे मध्ये कमिशन नाही, त्याच फंडाचा रेग्युलर प्लॅन दरवर्षी थोडा थोडा जास्त कापतो. पाच-सात वर्षांत लागणारे पैसे, लग्न, डिपॉझिट, पुढचं शिक्षण, यात टाकू नका. २०२० साली जानेवारी ते मार्चमध्ये निफ्टी ३५ टक्क्यांहून जास्त पडला होता. नंतर सावरला, पण त्या मार्चमध्ये ज्याला फी भरायची होती त्याला त्याचा उपयोग नव्हता.

महिन्याला ३,००० रुपये, वर्षाला सरासरी १० टक्के धरून (गॅरंटी नाही, फक्त हिशोबासाठी), तीस वर्षांत साधारण ६८ लाख होतात. तेच दहा वर्षं उशिरा सुरू केलं तर वीस वर्षांत २३ लाखांच्या आसपास. उशिरामुळे भरायचे राहिले फक्त ३ लाख ६० हजार, फरक ४५ लाखांचा. हां, तीस वर्षांनंतरच्या ६८ लाखांची किंमत आजच्या ६८ लाखांएवढी नसेल, महागाई ६ टक्के धरली तर किमती दर बारा वर्षांनी दुप्पट होतात, हेही लक्षात असू द्या.

१७. टेलिग्रामवर एक सर कॉल देतात, ऑप्शनमध्ये रोज हजार-दोन हजार निघतात म्हणे. शिकू का?

सेबीने (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिलेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) मधल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा खर्चासकट माणशी साधारण दोन लाख. सरांना कॉलमधून एवढे मिळत असते तर त्यांनी कोर्स विकला नसता. सल्ला घ्यायचाच असेल तर सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराकडून घ्या, नोंदणी क्रमांक सेबीच्या साइटवर तपासता येतो.

१८. सोनं आणि भिशी? आई म्हणते तेच खरं सेव्हिंग.

दागिना म्हणून घ्यायचा तर हौसेने घ्या, पण घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी विकताना परत मिळत नाही, त्यामुळे ती गुंतवणूक कमी आणि हौस जास्त. गुंतवणूक म्हणून हवं असेल तर गोल्ड ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड). अ‍ॅपवर दहा रुपयांपासून मिळणारं डिजिटल गोल्ड सेबीच्या कक्षेत येत नाही, सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये तसं जाहीर सांगितलंय.

ऑफिसमधली ओळखीच्या दहा जणांची, हजार-दोन हजारांची भिशी हात बांधून ठेवायला वाईट नाही. पण व्याज नाही, कागद नाही, आणि नंबर कधी लागेल ते चिठ्ठीवर, म्हणून तिला इमर्जन्सी फंड समजू नका. रक्कम मोठी असेल किंवा चालवणारा ओळखीचा नसेल तर लांब राहा, नोंदणीकृत चिट फंडाला १९८२ चा कायदा तरी लागू आहे, भिशीला फक्त विश्वास.

१९. पगार बारा लाखांच्या आत आहे, टॅक्स शून्य, मग रिटर्न भरायचं कशाला?

टॅक्स शून्य होतो तो रिबेटमुळे (आलेल्या करात मिळणारी सूट), आणि तो रिबेट रिटर्नमध्येच घेतला जातो. नव्या रेजिममध्ये ४ लाखांच्या वर उत्पन्न असेल तर रिटर्न भरावंच लागतं. पगारदाराला ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर येत नाही, पण शेअर किंवा इक्विटी फंड विकून झालेल्या नफ्यावरच्या कराला ही सूट चालत नाही.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणाऱ्यांसाठी खास. दोन्ही कंपन्या तुमचं उत्पन्न फक्त त्यांच्याच पगाराएवढं समजून टीडीएस कापतात, स्लॅबचा आणि डिडक्शनचा फायदा दोनदा दिला जातो, आणि जुलैत रिटर्न भरायला बसलं की पन्नास-साठ हजार भरा असं स्क्रीनवर येतं. नव्या कंपनीत जॉइन होतानाच जुना पगार आणि कापलेला कर एचआरला कळवा.

२०. जिवलग मित्राच्या लोनला गॅरंटर राहू का? नुसती सही आहे म्हणतो.

नुसती सही कधीच नसते. १८७२ च्या कराराच्या कायद्यातलं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. म्हणजे बँकेने आधी मित्राच्या मागे लागायला हवं असंही काही नाही, थेट तुमच्याकडे येऊ शकते. ते कर्ज तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्येही दिसतं आणि तुमच्या स्वतःच्या होम लोनच्या वेळी मोजलं जातं. संपूर्ण रक्कम स्वतः फेडायची तयारी असेल तरच सही करा. नाहीतर शक्य तेवढे पैसे त्याला सरळ हातात द्या, परत आले तर आले, तेवढ्याने मैत्री टिकायची शक्यता जास्त.

२१. कुणीतरी माझं खातं महिनाभर वापरायला मागतंय, पाच हजार देतो म्हणतो. पैसे त्याचेच, मला काय धोका?

तुरुंगाचा. फसवणुकीचे पैसे फिरवायला अशीच खाती लागतात, आणि पोलिसांना पहिलं सापडतं ते खात्यावरचं नाव. खातं गोठतं, तुमचा पगारही त्यातच अडकतो. एटीएम कार्ड, सिम, पासबुक यातलं काहीही कुणाला देऊ नका, कॉलेजचा सीनियर असला तरी.

उलट तुमचेच पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन आणि बँकेला कळवा, अर्ध्या तासात कळवलं तर मधल्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते. तुमची काही चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे तुमची जबाबदारी शून्य. पण ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

२२. नॉमिनी आईला केलंय, म्हणजे माझ्यामागे सगळं तिचं ना? लग्न ठरतंय म्हणून विचारतेय.

तसं नाही. नॉमिनी म्हणजे पैसे ज्याच्या हातात दिले जातात तो, मालक वारस असतात. शेअर आणि डिबेंचरच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. अपवाद आयुर्विम्याचा, तिथे २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवराबायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. बाकी ठिकाणी तुमच्या मनात कुणाला किती द्यायचं आहे ते मृत्युपत्रातच लिहावं लागतं, साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या असल्या तरी चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही.

पीएफचं नॉमिनेशन लग्नानंतर नव्याने करावं लागतं, यूएएनने लॉगिन करून ई-नॉमिनेशनमध्ये होतं, आधारशी जोडलेला मोबाइल जवळ ठेवा. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी आणि प्रत्येकाचा टक्का देता येतो, तेव्हा आई की नवरा असं एकच नाव निवडायची गरज राहिलेली नाही.